महासंगणकाचे शेवटचे टोक

सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' मालिकेतले तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. पुणे, दिल्ली आणि कोलकाता ही त्यांची ठिकाणे, आणि पुण्यातल्या यंत्रावर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे काम व्हायचे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया एआय मोहिमेसाठी दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रुपये मंजूर केले आणि दहा हजारांवर जीपीयू सामायिक वापरासाठी उभे करायचे ठरवले. दोन्ही निर्णय चांगले आहेत. पण दोन्ही वेळी बातम्यांत आलेले आकडे यंत्राचे होते: किती कोटींचे, किती वेगाचे, किती चिपांचे. त्या यंत्रापासून चारशे-सहाशे किलोमीटरवर असलेल्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचे काम त्यावर कसे चढणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. माझे म्हणणे असे की सार्वजनिक पैशाने उभ्या केलेल्या संगणकाची किंमत त्याच्या वेगावर ठरत नाही. ती ठरते त्याच्या दूरच्या टोकाला काय व्यवस्था आहे यावर. हे अनुमान नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत मेनफ्रेम संगणकांना लांबून काम पाठवणारी टर्मिनले आली, त्या अनुभवातून ही गोष्ट पुरेशी स्पष्ट झालेली आहे. तो इतिहास आपल्याकडे जवळजवळ अज्ञात आहे, कारण संगणकाची गोष्ट आपण गॅरेजमध्ये जन्मलेल्या छोट्या संगणकापासून सांगायला लागतो.

त्या काळी संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीत बंद असलेले, कोट्यवधींचे यंत्र. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा त्याला हात लागत नसे. त्याने कार्डे पंच करून घ्यायची, गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि छापील निकाल घ्यायला दुसऱ्या दिवशी परत यायचे. एका कार्डावर ऐंशी अक्षरे मावत. त्यातला एक स्वल्पविराम चुकला तर दिवस वाया. ज्याचे घर किंवा कचेरी यंत्राशेजारी, त्याला दिवसातून दोन फेऱ्या जमत. जो लांब, त्याला आठवड्यातून एखादी. आपल्याकडेही वेगळे नव्हते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक आला आणि देशभरातल्या संशोधकांना तो उपलब्ध झाला. पण 'देशभरातल्या' या शब्दाचा अर्थ कुलाब्यापासूनच्या अंतराबरोबर बदलत जाई. बाहेरगावच्या माणसाला कार्डे घेऊन मुंबई गाठावी लागे किंवा ती पाठवून वाट पाहावी लागे. यंत्र राष्ट्राचे असले तरी त्याचा वेळ शेजाऱ्यांना जास्त मिळे.

अंतराची ही अडचण तारेने सोडवता येते हे फार आधी दिसले होते. ११ सप्टेंबर १९४० रोजी बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी हॅनोव्हर गावातल्या डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांच्या संमेलनात एक टेलिटाइप मांडला. न्यूयॉर्कमध्ये ठेवलेल्या त्यांच्या गणनयंत्राला त्यावरून गणिते पाठवली आणि उत्तरे तिथेच छापून आली. नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली यांच्यासारखी माणसे समोर होती. मात्र हे प्रात्यक्षिक रोजच्या वापरातली वस्तू व्हायला पाव शतक जावे लागले. आयबीएमने १९६७ च्या सुमारास २७८० हे टर्मिनल बाजारात आणले. त्यात कार्ड वाचणारे यंत्र, छपाई यंत्र आणि टेलिफोनच्या तारेला जोडणारी सोय होती. ते स्वतः काही गणन करीत नव्हते. कार्डे वाचून दूरच्या मेनफ्रेमला पाठवणे आणि तिकडून आलेला निकाल छापणे, एवढेच त्याचे काम. कंट्रोल डेटा आणि युनिव्हॅक या कंपन्यांनीही अशी टर्मिनले काढली.

या साध्या दिसणाऱ्या वस्तूत किती विचार होता ते जवळून पाहण्यासारखे आहे. २७८० चे कार्डवाचक मिनिटाला चारशे कार्डे ओढू शके. पण टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला दोन हजार बिट जात असतील, तर आठ बिटांच्या हिशेबाने ती अडीचशे अक्षरे झाली, म्हणजे जेमतेम तीन कार्डे. हजार कार्डांचा गठ्ठा पाठवायला सगळे सुरळीत चालले तरी पाच मिनिटांहून जास्त लागत. आणि तार क्वचितच सुरळीत असे. तिच्यात खरखर होई आणि अक्षरे बिघडत. म्हणून कार्डांतला मजकूर ब्लॉक पाडून जाई. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पडताळणीची बेरीज असे आणि पलीकडून पोच आल्याशिवाय पुढचा ब्लॉक निघत नसे. पोचही दोन प्रकारची असे, शून्य क्रमांकाची आणि एक क्रमांकाची, आणि ती आलटून पालटून यायची. एकच पोच लागोपाठ दोनदा आली तर पाठवणाऱ्याला कळे की मधला एक ब्लॉक वाटेत गळाला. ब्लॉक बिघडून पोचला तर नकार येई आणि तोच ब्लॉक पुन्हा जाई. वाईट तारेवरून खात्रीने काम पाठवण्याची ही रीत होती. आज आपण बँकेत पैसे पाठवतो तेव्हा पोच, पडताळणी आणि पुन्हा पाठवणे हीच तत्त्वे खाली कुठेतरी काम करत असतात. मला या यंत्रणेबद्दल आदर वाटतो तो यासाठी की तिने तार चांगली असेल असे गृहीत धरले नाही. दूरच्या माणसाच्या वाट्याला वाईट तार येते हे मान्य करूनच तिची रचना झाली होती.

पण माझ्या मुद्द्याचा खरा पुरावा यंत्रात नाही, ते वापरणाऱ्यांनी केलेल्या व्यवस्थेत आहे. नॉर्थ कॅरोलायना हे त्या वेळी अमेरिकेतल्या श्रीमंत राज्यांपैकी नव्हे. तिथल्या ड्यूक, चॅपल हिल आणि रॅली इथल्या तीन विद्यापीठांपैकी एकालाही मोठा संगणक एकट्याने परवडणारा नव्हता. १९६५ मध्ये तिघांनी मिळून ट्रँगल युनिव्हर्सिटीज कॉम्प्युटेशन सेंटर ही ना-नफा संस्था काढली. आयबीएम सिस्टिम ३६० ची रचना ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली ते फ्रेडरिक ब्रुक्स नुकतेच चॅपल हिलला प्राध्यापक म्हणून आले होते आणि या उभारणीत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या केंद्राबद्दल लिहिले तेव्हा संघटना, पैसा आणि राजकारण हे विषय निवडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कठीण भाग तोच होता. मोठे यंत्र तिघांपैकी कोणाच्याही आवारात ठेवले नाही. ते मधल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये ठेवले आणि तिन्ही विद्यापीठे तारेने त्याला जोडली. त्यामुळे यजमान आणि पाहुणा असा भेद राहिला नाही. तिघेही सारखेच लांब होते, आणि म्हणून दूरच्या टोकाची काळजी घेणे ही तिघांचीही गरज झाली.

याहून महत्त्वाचे पुढे घडले. १९६६ पासून राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने लहान महाविद्यालयांसाठी स्वतंत्र प्रकल्प चालवला. महाविद्यालयाला टेलिटाइप टर्मिनल, मध्यवर्ती यंत्रावरचा वेळ आणि पहिल्या वर्षाचा आधार मिळे. इथवर कोणतेही सरकार येऊ शकते. पण त्या प्रकल्पाने फिरते शिक्षकही नेमले. ते महाविद्यालयांच्या फेऱ्या करत, तिथल्या प्राध्यापकांसोबत बसत, रसायनशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या तासात संगणकाचा उपयोग कुठे होईल ते दाखवत, अडलेले प्रोग्राम सोडवून देत. म्हणजे टोकाला तीन गोष्टी एकत्र पोचल्या: तार, वेळेवरचा हक्क आणि जाणता माणूस. यातली एक जरी नसती तरी टर्मिनल कोपऱ्यात धूळ खात पडले असते. संगणकापुढे कधी न बसलेल्या लहान महाविद्यालयांना त्या राज्याने जो प्रवेश दिला, तो यंत्राचा वेग वाढवून नव्हे.

तारेच्या बाबतीत सरकारी धोरणाचा वाटाही मोठा होता. अमेरिकेत टेलिफोनची कंपनी स्वतःची नसलेली उपकरणे तारेला जोडू देत नसे. जून १९६८ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने कार्टरफोन प्रकरणात ही मनाई रद्द केली आणि इतर कंपन्यांच्या मोडेमला वाट मिळाली. संगणकाचा एकही सुटा भाग न बदलता त्याचे टोक स्वस्त झाले.

आता आपल्याकडे वळू. आपण या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ मध्ये सीएमसीने इंडोनेट हे जाळे सुरू केले, ते मोठ्या शहरांतल्या मेनफ्रेमचा लांबून वापर व्हावा यासाठीच. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० बनवून दाखवला. या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्याच गरुड प्रकल्पाने सतरा शहरांतल्या संस्थांचे संगणक एकत्र जोडण्याचा प्रयोग केला. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने दीड हजारांवर संस्थांना वेगवान तार द्यायचे ठरवले आणि त्यासाठी जवळपास सहा हजार कोटी रुपये ठेवले. २०१५ मध्ये साडेचार हजार कोटींची राष्ट्रीय महासंगणन मोहीम आली. पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' बसला, तो याच मोहिमेतून. पण पैसा कुठे गेला ते पाहिले की कल कळतो. यंत्रांवर खर्च झाला, तारांवर झाला. टोकाला बसणाऱ्या माणसासाठी, त्याच्या वेळेच्या हक्कासाठी तितका आग्रह दिसला नाही. यंत्रे बहुतेक आयआयटी, आयसर आणि मोठ्या राष्ट्रीय संस्थांत बसली, आणि ज्या आवारात यंत्र बसते त्या आवारातले लोक त्याचे पहिले वापरकर्ते होणार, हे १९६४ मध्ये खरे होते तसे आजही आहे. महाराष्ट्राला हे दुखणे दुसऱ्या क्षेत्रात चांगले माहीत आहे. धरण बांधून होते, त्याचे उद्घाटन होते, मुख्य कालवाही होतो, आणि पोटचाऱ्या अपुऱ्या राहतात. टेलच्या शेतकऱ्याचे नाव लाभक्षेत्राच्या कागदावर असते, पाणी मात्र त्याच्या बांधापर्यंत येत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: आज प्रत्येकाच्या हातात लॅपटॉप आहे, इंटरनेट आहे, मग टर्मिनल सगळ्यांकडे पोचलेलेच नाही का? तार आणि उपकरण यांपुरते हे बरेचसे खरे आहे आणि ती मोठी कमाई आहे. पण महासंगणकावर काम चढवण्याची रीत पाहिली तर ती त्या कार्डांच्या गठ्ठ्यापासून फार दूर गेलेली नाही. परम यंत्रांवर स्लर्म नावाचा रांग सांभाळणारा प्रोग्राम असतो. त्याला देण्याच्या फाइलच्या पहिल्या काही ओळींत कामाचे नाव, कोणत्या खात्यावर, किती प्रोसेसर आणि किती वेळ हे लिहायचे. १९६० च्या दशकात गठ्ठ्याच्या वरच्या कार्डांवर जवळपास हेच पंच केलेले असे. फाइल दिली की काम रांगेत उभे राहते. एक ओळ चुकली तर काही तास थांबून हाती एक दुर्बोध संदेश पडतो. शेजारच्या खोलीत जाणकार असेल तर दहा मिनिटांत सुटणारी अडचण, तो नसेल तर महिनाभर अडते आणि मग माणूस नाद सोडतो. शिवाय खाते मिळवायचे कुठून, कोणाची शिफारस लागते, पैसे कोणत्या अनुदानातून भरायचे, हे प्रश्न लॅपटॉप सोडवत नाही. लांबून काम पाठवण्याची ती जुनी पद्धत आजच्या यंत्रांत इतकी मुरलेली आहे की लिनक्सच्या वापरकर्त्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना अजून 'जेकॉस' नावाने ओळखला जातो. बेल प्रयोगशाळेतली युनिक्स यंत्रे छपाई आणि इतर कामे जेकॉस प्रणालीच्या मोठ्या संगणकाकडे पाठवत, तेव्हा तिथली ओळख या रकान्यात लिहीत. पद्धत टिकली आहे, तर तिच्या अटीही टिकल्या आहेत हे मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्र दुर्मीळ आहे, महाग आहे, दोन-तीन वर्षांत जुने होते. मग जे त्याचा सर्वांत चांगला उपयोग करतात त्यांनाच ते द्यावे. हवामानाचा अंदाज, नवीन औषधांचे रेणू, दुर्बिणीची माहिती ही कामे थांबवून एखाद्या जिल्हा महाविद्यालयाला शिकायला वेळ द्यायचा का? यातली पहिली गोष्ट मला मान्य आहे: मोठ्या संशोधनाचा वेळ कापू नये. पण लहान कामे मोठ्या कामांच्या आड येतात हा समज मेनफ्रेमच्या काळातच खोटा ठरला होता. ह्यूस्टनमध्ये नासाच्या केंद्रात काम करणाऱ्या आयबीएमच्या मंडळींनी हास्प हा प्रोग्राम लिहिला. तो लांबून आणि जवळून आलेली कामे डिस्कवर साठवी, प्राधान्याने लावी आणि यंत्र रिकामे राहू देत नसे. मोठ्या कामांच्या फटींत लहान कामे बसवणे ही पन्नास वर्षांहून जुनी कला आहे. आजच्या रांगेचे प्रोग्राम ती अधिक चांगली करतात. एकूण वेळेचा एक निश्चित, छोटा भाग लहान संस्थांसाठी राखला तर पुण्यातली दुर्बीण आंधळी होणार नाही. आणि 'सर्वांत चांगला उपयोग करणारे' ही यादी कशी बनते? ज्याला आधी वेळ मिळाला त्याचे निबंध छापून आले, निबंध असल्याने त्याला पुन्हा वेळ मिळाला. ज्याला पहिली संधीच नाही त्याची गुणवत्ता मोजायची कशी? गडचिरोली-नंदुरबारच्या पट्ट्यातल्या सिकलसेलचा, मराठवाड्याच्या भूजलाचा किंवा विदर्भातल्या गुलाबी बोंडअळीचा अभ्यास करायला त्या भागातल्या विद्यापीठांइतका जवळचा माणूस दुसरीकडे नाही. माहिती त्यांच्यापाशी आहे, गणनाची ताकद नाही.

तिसरा आक्षेप इतिहासातूनच येतो. लांबून काम पाठवणारी टर्मिनले शेवटी गेलीच. १९७० च्या दशकात मिनी संगणक स्वस्त झाले, पुढे टेबलावरचे संगणक आले, आणि विद्यापीठांनी केंद्राच्या रांगेत उभे राहण्याऐवजी स्वतःचे यंत्र घेणे पसंत केले. मग आपणही प्रत्येक महाविद्यालयाला चांगला वर्कस्टेशन का देऊ नये? शिकण्यासाठी आणि लहान गणनांसाठी ते द्यावेच. स्वतःच्या यंत्रावर मोडतोड करून जे शिकता येते ते दुसऱ्याच्या यंत्रावर येत नाही, आणि डार्टमथने १९६४ मध्ये टाइम-शेअरिंग सुरू केले तेव्हा यंत्राने लगेच उत्तर देण्याची किंमत सगळ्यांना कळली होती. कार्डांच्या रांगेपेक्षा ते विद्यार्थ्यांसाठी नक्कीच चांगले होते. पण मोठ्या कामांची गरज छोट्या यंत्रांनी संपली नाही. ती परत आली, आधी महासंगणकांच्या रूपाने, मग क्लाउडच्या, आणि आता मोठ्या भाषा-प्रारूपांच्या. एका संस्थेला न परवडणारी यंत्रे पुन्हा मध्यभागी उभी आहेत आणि बाकीचे पुन्हा लांबून काम पाठवत आहेत. म्हणून टोकाचा प्रश्न टाळता येत नाही.

इंडिया एआय मोहिमेत लहान शहरांत डेटा आणि एआय प्रयोगशाळा काढायची योजना आहे. तिचा उपयोग फक्त अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे वाटण्यासाठी होऊ नये. या प्रयोगशाळाच लांबची टोके झाली पाहिजेत. प्रत्येकीच्या नावे मध्यवर्ती जीपीयूंवर ठरलेला वेळ असावा, तो परिसरातल्या महाविद्यालयांना शिफारशीविना मिळावा, आणि सी-डॅक किंवा विद्यापीठाने नेमलेला एक जाणता माणूस महिन्यातून ठरल्या दिवशी तिथे यावा. या माणसाचे पद कायम असावे, कंत्राटी आणि अकरा महिन्यांचे नसावे, कारण अडलेले काम सोडवण्याचे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. यंत्रांच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. महाराष्ट्राला त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही. पुण्यात यंत्रे आहेत, ती चालवणारी माणसे आहेत, राज्याची स्वतःची विद्यापीठे जळगावपासून गडचिरोलीपर्यंत पसरलेली आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या मंडळाने जे १९६६ मध्ये केले ते राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाला आज करता येईल.

आणि सगळ्यांत आधी हिशेब द्यावा. सार्वजनिक महासंगणकाची घोषणा होते तेव्हा त्याचा वेग पेटाफ्लॉपमध्ये सांगितला जातो. त्यापुढे दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध व्हावा: किती जिल्ह्यांतून कामे आली, किती महाविद्यालयांची आली, यजमान संस्थेबाहेरच्यांना किती तास मिळाले, नवीन वापरकर्त्याचे पहिले काम पूर्ण व्हायला किती दिवस लागले. ही माहिती रांगेच्या नोंदींत आपोआप साठत असते, ती काढायला वेगळा खर्च नाही. पुढच्या महासंगणकाचे उद्घाटन होईल तेव्हा आपल्या आमदार-खासदारांनी, कुलगुरूंनी आणि पत्रकारांनी हा तक्ता मागावा.